अणदूरच्या माळावरची शिल्पबाग आणि नीट लावलेली गंजी

अणदूरजवळ माळावर कुणी शिल्पबाग उभारलीय, हे सांगून कुणाला पटत नाही. आम्हाला मात्र जाणं भागच होतं. माझी बायको शुभांगी शिल्पकार आहे, तिचं माहेर अणदूर, आणि तिचं काम तिथं मांडलेलं. तिच्या वडिलांनी तिचं एकही काम आजवर पाहिलं नव्हतं. हे तरी त्यांनी पाहावं, एवढाच तिचा हट्ट.

पुण्याहून सोलापूर, पुढे हैदराबाद रस्ता. रस्ता चांगला आहे, पण टोल भरून भरून जीव जातो. सोलापूर सोडलं की ढाब्यावर भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन घ्या, बागेत चहासुद्धा मिळत नाही. पाटी शोधू नका, ती नाहीच. आम्ही चुकून थेट एका गोठ्यात पोचलो.

बाग बघण्यासारखी आहे, कबूल. उतारावर नांगराच्या गंजलेल्या फाळांची कमान, कोरड्या ओढ्यात काळ्या दगडांची नागमोडी भिंत. सावली औषधाला नाही, टोपी न्या. शुभांगीचं काम अगदी माथ्यावर होतं. कडब्याच्या पेंढ्या तिरक्या रचून तिनं आदल्या आठवड्यात बोगदा केला होता. मुद्दाम फटी ठेवलेल्या, वारा शिरला की वाजावा म्हणून.

वर पोचलो तर बोगदा गायब. तिथं कडब्याची नीटनेटकी गंजी, आणि शेजारी घाम पुसत उभे माझे सासरे.

"आण्णा, हे काय केलंत?" शुभांगीनं विचारलं.

"आगं, सकाळी आभाळ आलं. कडबा असा उघडा ठिवतंय व्हय कुणी? समदा काळा पडला असता. गावातल्या दोघास्नी बोलावलं आन् लावली गंजी. लोक तुला नावं ठिवतील, म्हन्लं."

एक थेंब पडला नव्हता! माझं डोकंच फिरलं. राखणदाराला झापायला गेलो, तर तोच पेंढ्या हातात देत होता म्हणे.

"मॅडमचे वडील हायती साहेब. त्यास्नी न्हाय कसं म्हनू?"

वर आणखी मुंबईचे पाहुणे गंजीपुढे उभं राहून 'किती प्रामाणिक मांडणी' म्हणत फोटो काढत होते. शुभांगी वडिलांवर एका शब्दानंही रागावली नाही, याचाही मला राग आला.

पुण्याला घरी आल्यावरही माझा राग जाईना. शेवटी मीच चिडून सासऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, मोडायच्या आधी ते धड पाहिलं तरी होतंत का?"

"पाहिलं की, जावईबापू. आत जाऊन बसलो व्हतो. वारं सुटलं आन् समदं वाजाया लागलं. लई येळ बसलो. उठूच वाटंना. मंग आभाळ आलं."

शुभांगीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"आण्णा, कसं वाजत होतं?"