बोलती तार

गाडीत बसण्याआधी अण्णा जीपच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी थांबायचे, तिथल्या तारेला बोटाने टिचकी मारायचे आणि मान कलती करून ऐकायचे. आवाज मनासारखा आला की म्हणायचे, "बोलतीया." मगच चावी फिरवायची. तार गप्प वाटली तर माझ्या शेडसमोर जीप उभी करून हॉर्न वाजवत राहायचे, मी हातातलं काम टाकून बाहेर येईपर्यंत.

बेळगावजवळ मच्छे गावात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीची दुरुस्ती, असलंच काम. जीपला तारा बांधायचं मला अण्णांनी शिकवलं. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून टपावरच्या कॅरियरपर्यंत दोन जाड तारा तिरप्या ताणून बसवायच्या. खाली आलेली फांदी तारेवरून घसरत वर जाते आणि टपावरून मागे निघून जाते. काच वाचते, आरसा वाचतो, माणसाचं तोंड वाचतं. खानापूरच्या पलीकडे जंगलातल्या आपल्या वाडीतून अण्णा रोज बेळगावला माणसं घेऊन यायचे. दवाखान्याची, कचेरीची, बाजाराची. तिकडच्या रस्त्यावर झाडं दोन्ही बाजूंनी इतकी वाकलेली असतात की जीप बोगद्यातून चालल्यासारखी वाटते.

माणूस मोठा हट्टी. पहिल्यांदा मी तारेवर छान काळी प्लास्टिकची नळी चढवून दिली होती, दिसायला बरी म्हणून. आठवड्याने अण्णा आले ते डावी नळी कापूनच. "मुकी तार काय करायची रं, मिस्त्री? तार बोलाय पायजे," म्हणाले. उजव्या तारेचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. ती सैल झाली, गंजली तरी चालायची. डावीसाठी मात्र त्यांनी मला तीनदा ताण कमी-जास्त करायला लावला, आणि दर वेळी वैद्याने नाडी बघावी तशी टिचकी मारून बघितली.

बेळगावातली हौशी पोरं नव्याकोऱ्या गाड्या घेऊन माझ्याकडे यायची. त्यांनाही तारा हव्या असायच्या, बहुतेक फोटोत दिसायला. एकदा अण्णांनी त्यातल्या एकाला विचारलं, कुठल्या जंगलात जाणार. तो म्हणाला, अजून ठरलं नाही. अण्णांनी त्याच्या चकचकीत बॉनेटवरून हात फिरवला आणि गंभीरपणे सांगितलं, "मग धुऊन ठेव. जंगलाला बरं वाटंल." पोरगं बिचारं मान डोलावून गेलं.

अण्णांची आणखी एक करामत होती. तारेला फांदी घासली की ते नुसत्या आवाजावरून झाड सांगायचे. हा बांबू, हा फणस, ही जांभळीची नवी फांदी, गेल्या महिन्यात नव्हती. मी हे सगळीकडे सांगत फिरायचो. खासबागेत आमच्या गल्लीत तर मी अण्णांचं इतकं कौतुक केलं होतं की लोक मला टाळायला लागले होते. माणसाचं कसब दिसलं की आपण भारावतो, ते कसब त्याला का लागलं हे विचारत नाही. तुमचंही असं कधी झालं असेल.

मग एका रविवारी त्यांनी मला घरी नेलं. अंगणाला नवं गेट बसवायचं होतं, त्याचं माप घ्यायला. मी त्यांच्या डावीकडे पुढच्या सीटवर बसलो. जंगल लागलं, तार गुणगुणायला लागली, आणि अण्णा रंगात आले. फांदी जवळ आली की किंचित उजवीकडे, आवाज थांबला की परत डावीकडे. मी नुसता बघत होतो. इतक्या हलक्या हाताने गाडी चालवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

पुढे झाडं संपली आणि मोकळा माळ लागला. रस्ता सरळ, ऊन लख्ख. डाव्या कडेने एक बाई डोक्यावर जळणाचा भारा घेऊन चालली होती. जीप तिच्याकडे चालली होती आणि अण्णा माझ्याशी गेटाच्या रंगाबद्दल बोलत होते. मी ओरडलो. त्यांचा हात काही हलेना, तेव्हा मीच स्टिअरिंग ओढलं. जीप रस्ता सोडून माळावर जाऊन थांबली. भारा खाली पडला होता, बाई त्याच्याशेजारी मटकन बसली होती. तिला लागलं नव्हतं. वाडीतलीच होती ती. "अण्णा, बघितला न्हाईसा व्हय मला?" तिने विचारलं. "बघितलो की," अण्णा म्हणाले.

भारा परत तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि ती गेली. मी गाडीत येऊन बसलो, त्यांच्या डाव्या कानाशी हात धरला आणि म्हणालो, "अण्णा, समोरच बघा आणि सांगा, माझी बोटं किती?" ते समोर बघत राहिले. मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली, ती कापलेली नळी, ती डाव्या तारेची काळजी.

"दोन वरसं झाली," शेवटी ते म्हणाले. "डावा डोळा पार गेलाय. पर तार बोलतीया तवर मला सगळं दिसतंय रं."

"बाई दिसली?"

त्यांनी तारेकडे मान वळवली. मग म्हणाले, "फांदी वाजती. माणूस कुठं वाजतंय."

मला भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा माझ्यावरच होता. दोन वर्षं या माणसाला आंधळ्या बाजूने गाडी चालवायची सोय मीच करून देत होतो. मी पाना घेऊन खाली उतरलो, डाव्या कोपऱ्याशी गेलो आणि ताणाच्या स्क्रूला पाना लावला. सैल करून टाकतो म्हटलं, मग चालवा कशी चालवता ती. काचेआडून अण्णा माझ्याकडे बघत होते. पस्तीस वर्षं त्या सीटवर बसलेला माणूस. माझा हात फिरेना.

तेवढ्यात त्यांचं दार उघडलं. ते उतरले, बॉनेटला हात लावत पुढून वळसा घालून आले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. "चल," म्हणाले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवायचे, कधी दाराला धरायचे.

पुढे जीप त्यांचा पुतण्या चालवू लागला. गेल्या वर्षी अण्णा गेले, घरीच, शांतपणे. हल्ली माझ्या शेडसमोर तसा हॉर्न कुणी वाजवत नाही. खूप आठवण येते. पण डोळ्यांपुढे अजून त्या रविवारची दुपारच उभी राहते.

अंगणात जीप थांबली तेव्हा काकी भांडी घासत होत्या. नवरा कुठल्या दाराने उतरला ते त्यांनी बघितलं. हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी गेटाच्या मापाचं काहीतरी बोलू लागलो, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

अण्णा पाय धुवायला मागे गेले तसं त्या हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, तुमी चालवलासा न्हवं? लई बरं झालं. माझं ऐकत न्हवते ह्ये. रोज गाडी आल्याचा आवाज येईस्तवर घास उतरत न्हाय मला."

अण्णा पाय धुऊन परत येऊन दारात उभे होते. ते त्यांनी ऐकलं. तसेच चुलीपाशी गेले, भाकरी घेतली, आमटीची वाटी हाताने चाचपून भरली आणि ताट बायकोपुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, आधी पाव्हण्याला वाढा. अण्णा त्यांच्यासमोर खाली बसले.

"पाव्हणा थांबंल," ते म्हणाले. "तू जेव गं आधी."