वाळल्या मटणाचा सौदा

डॉक्टरांशी मी आयुष्यात एकदाच सौदा केला आणि त्यापायी माझ्या मुलीच्या लग्नातला अंतरपाट खाली आला.

मी खटकचिंचोळीचा बैलांचा दलाल. वडिलांकडून फक्त काठी मिळाली, बाकी सगळं बोटांवर कमावलं. आमच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. खांद्यावरच्या रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबायची. जितकी बोटं, तितकी बोली. आणि पहिलीच बोली मानतो तो दलाल नव्हे!

सुशीचं लग्न तोंडावर आलं आणि मला चक्कर यायला लागली. बायकोने, सुंद्राने, मला ओढतच भालकीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मैसूरकडचे, पण मराठी शिकलेले. रक्तदाब बघून त्यांनी विचारलं, जेवता काय? मी अभिमानाने सांगितलं, मीठ-हळद चोळून उन्हात वाळवलेलं मटण, अंबाडीत शिजवून, दोन्ही वेळा.

"ते बंद," डॉक्टर म्हणाले. "ताजं मटण कधीतरी खा, थोडं, भाजीबरोबर. वाळल्यात नुसतं मीठ असतं. मुलीच्या लग्नात उभं राहायचं आहे ना?"

बंद! ही काय बोली झाली? माझं डोकंच फिरलं. मी रुमाल त्यांच्या हातावर टाकला आणि खालून चार बोटं दाबली. म्हणजे जेवणाला चार तुकडे. डॉक्टर दचकले. पेशंटला पुन्हा चक्कर आली असं समजून त्यांनी माझं मनगट पकडलं आणि नाडीवर तीन बोटं ठेवली.

तीन! (ते नाडी बघत होते हे मला कळलं नाही, असं मी म्हणत नाही. पण रुमालाखाली दाबलेलं बोट आमच्यात परत घेता येत नाही.)

बाहेर थांबलेल्या सुंद्राला मी सांगितलं, तिनावर ठरलं.

"डॉक्टर असं बोलले?"

"बोलले न्हाईत. बोटं दाबली."

"दवाखान्यात बी बैलबाजार मांडायलाव व्हय?" ती म्हणाली. पण दर जेवणाला तीन तुकडे वाढत गेली. मी तळहाताएवढे निवडून घ्यायचो. तुकडा केवढा, हे कुठे ठरलं होतं?

लग्नाच्या दिवशी कन्यादानाचा उपास. मी कणगीमागे बसून दोन्ही वेळच्या सहांपैकी पाच तुकडे एकदम संपवले. एक उरला, तो कमरेच्या रुमालात खोचला.

मंगलाष्टकं चालू असताना मांडव फिरायला लागला. आधाराला हात टाकला तो अंतरपाटावर! अंतरपाट, तो धरून उभा असलेला सुशीचा मामा आणि मी, तिघेही व्याह्यांच्या पायांशी. रुमालातला तुकडा घरंगळत जाऊन अक्षतांत थांबला.

व्याही वाकले. "अण्णा, उपास हाय नव्हं तुमचा?"

सुशी रडत होती. नवरदेव बघत होता, पण तिच्याकडे नव्हे, तुकड्याकडे.

कन्यादान मामाने केलं. मी बाजेवर पडून लांबूनच अक्षता टाकल्या.

संध्याकाळी मी कुरकुरलो, डॉक्टरांनीच तर तीन दिले होते. (त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.) सुंद्राने माझा रुमाल ओढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. मी एकच बोट दाबलं, भीत भीत. मग तिची बोटं चाचपली. घट्ट मूठ.

मी मान डोलावली. पहिल्याच बोलीला. म्हणजे लग्नात उभं राहणं गेलं, वाळलं मटण गेलं, आणि त्यावर दलालीही गेली.