युसूफचे दोन ठोके

रुकय्याआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात संदीपच्या दुकानात बसून त्यांच्याच गाण्यावरून त्याच्याशी भांडत होते. फोनवर आपांचा भाचा होता. "सकाळी चहा घेतला आणि कलंडल्या," एवढंच तो म्हणाला. संदीपने संगणकावरचं गाणं थांबवलं आणि ज्या ट्रंपेटवरून आम्ही तावातावाने बोलत होतो तो अर्ध्यातच तुटला. त्याला आता सहा आठवडे झाले. हे आधी लिहायला हवं होतं, पण ते भांडण संपल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

खान्देशात ऐंशीच्या दशकात ज्यांची लग्नं झाली त्यांना ते गाणं वेगळं सांगावं लागत नाही. लोक त्याला नुसतं 'डिस्कोवालं' म्हणत. जळगावच्या चार भावंडांनी ते केलं होतं. वडिलांचा वरातीचा बँड. थोरले इक्बालभाई क्लॅरिनेट वाजवत, मधल्या हमीदभाईंनी कुठून तरी बेस गिटार आणलेली, धाकटा युसूफ ट्रंपेटवर, आणि गाणाऱ्या रुकय्याआपा. त्यांना वरातीत गायची मुभा नव्हती, खोलीत होती. म्हणून खोलीतच कॅसेट झाली. अहिराणी शब्द, खाली हमीदभाईंचा तो उड्या मारणारा बेस, आणि चौघांच्या टाळ्या. आजही ऐकलं की पाय गप्प राहत नाहीत.

त्या गाण्यात एक चूक आहे. दुसऱ्या कडव्याआधी ट्रंपेट दोन ठोके लवकर येतो. मी आपांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनीच ती गोष्ट सांगितली. वरातीच्या गोंगाटात कोणाला काही ऐकू येत नाही आणि क्लॅरिनेटवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून इक्बालभाई कोपर उचलत. कोपर वर गेलं की युसूफने फुंकायचं, हा त्यांचा कायदा. रेकॉर्डिंगच्या दिवशी मे महिना, आणि आवाज टेपमध्ये जाईल म्हणून पंखा बंद. इक्बालभाईंनी बाहीने कपाळाचा घाम पुसला... कोपर वर गेलं आणि युसूफने फुंकलं. कोणी थांबलं नाही. हमीदभाईंचा बेस त्याच्यामागे धावला, आपांनी ओळ तिथूनच उचलली. गाताना त्यांना हसू फुटलं, तेही टेपमध्ये आहे.

"मग पुन्हा का नाही केलं?" मी विचारलं.

"इक्बालभाई म्हणाले, वरातीत चुकलं तर नवरदेवाला मागे नेतो का आपण? राहू दे." आपा पुढे म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात युसूफ काविळीने गेला, बेटा. त्याचं वाजवणं एवढंच राहिलं."

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील युनियनची पत्रकं डाळमिलच्या फाटकावर वाटायचे, मी घड्या घालायचे. त्यामुळे संदीपने आणि मी या गाण्याचं रिमिक्स करायचं ठरवलं तेव्हा मी आधी एक पान लिहून काढलं. 'उपेक्षित कलावंतांना न्याय' अशी सुरुवात होती. आपांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं आणि अहिराणीत सुनावलं, "आम्ही कसाले उपेक्षित? बठ्ठा खान्देश नाचना आमना गानावर." सगळा खान्देश नाचला होता, हे खरंच होतं. मग कागद परत देत विचारलं, "तुला गाणं वाजवायचंय की पत्रक वाटायचंय?" मी तो कागद फाडला. त्यानंतर जे काही शिकले ते ऐकून शिकले.

संदीप लग्नांमध्ये डीजे लावतो आणि जुनी गाणी नव्या ठेक्यावर बसवतो. हात साफ आहे त्याचा. त्याने कॅसेटमधली खरखर काढली, बेस उचलला, खाली नवा ढोल घातला आणि आम्ही ते घेऊन जळगावला गेलो. आपा डोळे मिटून ऐकत होत्या. दुसरं कडवं आलं तसे त्यांनी डोळे उघडले.

"युसूफ कुठंय?"

"हा काय आपा, ट्रंपेट," संदीप म्हणाला.

"हा युसूफ नाही. हा वेळेवर आलाय."

संदीपने समजावलं, संगणक सगळे ठोके एका रेषेत आणतो, त्यात ट्रंपेट जागेवर गेला, तो चुकलेलाच होता. "इंजिनियरसाहेब," आपा म्हणाल्या, "युसूफचा फोटो आहे आमच्या घरात. फोटो काही दोन ठोके आधी वाजत नाही. तो जिथं आला तिथं त्याला येऊ दे." संदीप हो म्हणाला, मीही शब्द दिला. पण मूळ जागी ठेवला की नवा ढोल आणि ट्रंपेट एकमेकांवर आदळत होते. वर, गाण्यांचं चॅनल चालवणारा एक माणूस सरळ केलेलंच गाणं मागत होता. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले तर लोक शिव्या घालतात, असं त्याचं म्हणणं. फोन आला तेव्हा भांडण याचंच चाललं होतं.

दफनविधीनंतर आठवड्याने संदीप चाचरत म्हणाला, "ताई, आते आपा नही शेतस. कोनले समजी?"

मला समजेल, मी म्हणाले. आणि तुलाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला सोपा असतो, म्हणूनच तो मोडायचा नाही. चॅनलवाल्याला नाही म्हणून कळव, नाहीतर कॅसेट परत दे. तो चिडला. चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याचाच फोन, "ये, ऐक." त्याने ट्रंपेटला हात लावला नव्हता. ढोल हलवला होता. युसूफ आला की नवा ढोल दोन ठोके गिळतो आणि त्याच्यामागे पळत सुटतो, त्या दिवशी खोलीत हमीदभाई पळाले तसा. चॅनलवाल्याने ते नाकारलं. आम्ही ते स्वतःच, चौघांच्या नावांनी, इंटरनेटवर सोडलं.

साक्रीजवळच्या एका लग्नात संदीपने ते पहिल्यांदा वाजवलं. दुसऱ्या कडव्याआधी सगळी वरात ठेचकाळली. एक बाई शेजारणीवर आपटली, दोघी हसल्या आणि पुढच्या ठोक्याला सगळ्यांनी ठेका पकडला. कोणी शिवी घातली नाही.

परवा जळगावला गेले. आपांची खोली भाच्याने तशीच ठेवली आहे, खिडकीखाली चटई, भिंतीला टेकून लोड. फोन खिडकीत ठेवून मी गाणं लावलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कितीही आवडलं तरी आपा कधी छान म्हणत नसत. गाणं संपलं की बोट फिरवून नुसतं म्हणत, "परत लाव." गाणं संपलं तसं मी परत लावलं.