बांगडीतली पिन

दुपारचा डबा संपवून मी हँगरमधल्या खाटेवर आडवा होतो. पत्र्याखाली उकडतंय, पण माळावरून वारा येतोय. समोर माझं अल्ट्रालाइट विमान उभं आहे: वर पंख, खाली दोन खुर्च्या आणि खुर्च्यांच्या पाठीमागे लाकडी पात्यांचा पंखा. किल्ली त्यालाच लावून ठेवली आहे, ऋचा आली की लगेच निघायचं म्हणून. "बाबा, तुमच्या उडत्या खुर्चीत मी मेले तरी बसणार नाही," म्हणणारी माझी लेक आज आपणहून यायची आहे. इतका आनंद झालाय की झोप कसली येतेय, असं म्हणेपर्यंत डोळे मिटतात.

खाटेच्या पायाशी वृंदा उभी आहे. ती जाऊन दोन वर्षं झाली, पण बायकोला पाहून मला जराही नवल वाटत नाही.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"माझं राहू द्या. चटणी काढा आधी."

हँगर आता आमचं स्वयंपाकघर आहे. ओट्यावर मिक्सर, भांड्यात ओल्या खोबऱ्याची चटणी. पात्याखाली अडकलेलं काढायला मी बोट घालतो, तशी ती हातावर चापट मारते.

"प्लग?"

"बटण बंद आहे की."

"बटणाचं मला सांगू नका. प्लग काढा."

संसारभर हेच ऐकलं. मी मुकाट्याने प्लग उपसतो, तर हातात विमानाची किल्ली येते. दुसरा हात पंख्याच्या पात्यावर आहे. मी तो झटकन मागे घेतो.

आता आम्ही खुर्च्यांत शेजारी शेजारी बसलोय. जिवंतपणी ती कधी वर आली नाही, कुंपणापाशी उभी राहायची. मी ओरडायचो, "पंखा मोकळा?" ती मागेपुढे नीट बघून ओरडायची, "मोकळा!" मगच मी किल्ली फिरवायचो.

"हल्ली विचारता आणि उत्तराला थांबत नाही," ती म्हणते.

"उत्तर द्यायला आहे कोण?"

"म्हणून थांबायचंच नाही?"

खाली माळ हळूहळू सरकतोय, आणि तिला अजिबात मळमळत नाही याचं मला फार बरं वाटतं.

"ऋचा ओढणी घेऊन येईल," ती म्हणते. "काढून ठेवायला लावा. सुटेल ते सगळं मागे पंख्यातच जाणार."

"वृंदा, तिला वर न्यायची मला भीती वाटते."

"वाटू दे थोडी. बरी असते."

ती माझ्या हातातली किल्ली घेते, शर्टाच्या खिशात टाकते, आणि बांगडीत अडकवलेली पिन काढून खिशाचं तोंड बंद करते. उडायला निघालो की नेहमी करायची, तसंच. तिच्या हाताला खोबऱ्याचा वास येतो.

"बाबा!"

दारात ऋचा उभी आहे, ओढणी वाऱ्यावर उडतेय. ती हसत थेट विमानाकडे जाते आणि पंख्याच्या पात्यावर हात ठेवते.

"हात काढ! किल्ली लावलेली आहे!" मी ओरडत खाटेवरून उठतो. ती दचकून मागे सरकते, वाकून बघते.

"कुठे आहे किल्ली? इथे तर काहीच नाही."

मी छातीवर हात नेतो. बोटाला पिन टोचते.