लेकीच्या वाट्याची गाडी

दत्ता गेल्याची बातमी मला त्याच्या थोरल्या मुलाने, विलासने, फोनवर दिली. "काका, अण्णा गेले," एवढं म्हणून तो जरा थांबला. मला वाटलं, पोराचा गळा दाटून आला असेल. मीही थांबलो. मग तो म्हणाला, "काका, त्या गाडीचा विमा चालू हाय का, तेवढं बघता का?" बाप अजून घरात होता, उचललाही नव्हता. मी फोन ठेवला, रिक्षा करून स्टँडवर गेलो आणि फुलंब्रीच्या गाडीत बसलो. वाटभर मला रडू आलं नाही. राग आला. आज दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा दंडक आहे, तो मला ठाऊक आहे. पण माझा हा राग दत्तावरही आहे, आणि साठ वर्षांच्या मैत्रीत तेवढा हक्क मला मिळालेला आहे असं मी धरून चालतो.

दत्ता फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातला, चांगल्या जमीनदार घरातला. सातवीनंतर शिकायला शहरात आला आणि औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिला. मी गल्लीतल्या भिक्षुकाचा मुलगा. त्याच्या घरून ज्वारी यायची, माझ्या आईच्या हातच्या भाकरी व्हायच्या आणि आम्ही दोघं एका ताटात जेवायचो. रविवारी सायकली काढून छावणीत जायचा आमचा नेम होता. तिथं एका लष्करी साहेबाच्या बंगल्यापुढं दोन सीटांची, बिनटपाची, तांबडी गाडी उभी असायची. आम्ही फाटकाशी सायकली टेकवून ती बघत राहायचो. मी तिच्या वेगाचा विचार करायचो. दत्ता बराच वेळ बघून म्हणायचा, "सुध्या, हिच्यात पोतं कुठं ठेवत असतील रे?" मी हसायचो. पण पुढच्या रविवारी फाटकाशी आधी तोच पोचलेला असायचा. ती गाडी त्याच्या मनातून कधी गेली नाही, हे मला फार उशिरा समजलं...

पुढं तो शेतीत गेला आणि मी विम्याच्या कामात. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, नुकसानीचा अंदाज काढायचा, हे मी सगळी नोकरी केलं. गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते, हे मी हजार लोकांना समजावलं असेल. एका माणसाला मात्र समजावता आलं नाही.

झालं असं, की मोठ्या रस्त्यात दत्ताची काही जमीन गेली. मोबदला आला. जी उरली ती रस्त्याला लागून आली आणि तिचा भाव आभाळाला भिडला. दत्ताला दोन मुलगे आणि एक मुलगी, अर्चना. ती इथं शहरात कॉलेजात शिकवते. दत्ताचा जीव तिच्यात. डोळे मिटायच्या आत तिला तिचा वाटा द्यायचा हे त्याच्या मनात पक्कं होतं, आणि त्याबद्दल मी त्याला मानतो. आमच्याकडं बहिणीनं भावांना हक्कसोड लिहून द्यायची, साडी-चोळी घेऊन डोळे पुसत सासरी जायचं, ही रीत आहे. ती त्याला मोडायची होती. पण मुलांपुढं बोलायची त्याची छाती नव्हती. जमिनीवर बहिणीचं नाव लागणार म्हटलं की विलास ताटावरून उठायचा. "उद्या जावई मोजणी लावील दारात येऊन," म्हणायचा. तेव्हा दत्ताने शोधायला घेतलं, की जमिनीसारखं दुसरं काय आहे. जे पोरीला देता येईल, आणि ज्याचा भाव पडणार नाही.

ते त्याला सापडलं पुण्याच्या एका शोरूममध्ये. कुणाच्या तरी लग्नाला गेला होता, तिथून हा तिकडं वळला. परदेशी कंपनीची दोन सीटांची स्पोर्ट्स कार, तांबडी भडक, जमिनीपासून वीतभर उंच. कंपनी ठरावीकच गाड्या काढणार आणि मग बंद. आत स्टिअरिंगशेजारच्या पट्टीवर चकचकीत पत्र्यावर गाडीचा अनुक्रमांक कोरलेला. विकणाऱ्या टायवाल्या पोराने त्याला सांगितलं, "साहेब, ही गाडी नाही, ही इस्टेट आहे. पुन्हा बनणारच नाही, म्हणजे भाव चढतच जाणार." दत्ता थेट माझ्याकडं आला. चपला दारात काढल्या न काढल्या तोच म्हणाला, "सुध्या, जमीन तरी कुठं नवी बनती? म्हणून तर ती चढती ना? ही बी तशीच."

मी त्याला संध्याकाळभर समजावलं. म्हटलं, अशा काही गाड्यांचा भाव टिकतो, एखादीचा चढतोही, खोटं नाही. पण त्यासाठी तिला महिन्यातून दोन-चारदा फिरवावी लागते, वेळच्या वेळी कंपनीतच सर्व्हिस करावी लागते, त्याची नोंद ठेवावी लागते. घेणारा हौशी माणूस मुंबई-पुण्यात असतो, फुलंब्रीत नसतो. आणि कंपनी आज बंद म्हणते, उद्या रंग बदलून दुसरी काढते. ज्याला चालवायची हौस आहे त्याने घ्यावी, पैसे गेले तरी सुख भोगलं म्हणता येतं. ठेवा म्हणून घेऊ नकोस. अर्चनाच्या नावानं बँकेत पैसे ठेव, नाहीतर छाती करून जमीन दे. तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पैशे जावई खातील. जमिनीला पोरं हात लावू देत नायत. ही गाडी कोणी खाईल का, सांग?" आणि पुढच्या महिन्यात त्याने ती घेतली. अर्चनाच्या नावावर. ती बिचारी म्हणत होती, "अण्णा, मला नको गाडी. मी स्कूटीवर जाते, चांगली जाते." हा म्हणाला, "तुला चालवायची थोडीच हाय? ठेवायची हाय."

गावच्या रस्त्यावर एवढी बुटकी गाडी चालणार कशी? ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून आली. सगळं गाव बघायला लोटलं. दत्ताने शेताच्या कडेला तिच्यासाठी पत्र्याची शेड बांधली, भोवती कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. प्लॉट घेतला की माणूस जे जे करतो ते सगळं त्याने केलं आणि निर्धास्त झाला. मी महिन्याने जाऊन विचारलं, "सुरू करतोस का अधूनमधून?" तो म्हणाला, "कामून? पडून राहिली की भाव वाढतो." मी म्हटलं, "अरे, जमिनीला बॅटरी नसते!" तो हसला. हसला, आणि त्याने काहीही केलं नाही. पुढच्याच वर्षी कंपनीने तशाच गाड्या निळ्या रंगात काढल्या, पुन्हा मोजक्याच. मी हे त्याला मुद्दाम जाऊन सांगितलं, तर म्हणतो, "निळी येगळी. आपली तांबडी हाय." अशा माणसापुढं काय डोकं आपटायचं?

विलासने मात्र ही गाडी लगेच कामाला लावली. सोयऱ्याधायऱ्यांत, पारावर, अर्चनाच्या सासरच्यांपुढं, जिथं जाईल तिथं तो सांगायचा, "आमच्या बहिणीला आमच्यापेक्षा जास्ती दिलं अण्णानं. तिच्या गाडीत आमचे चार प्लॉट येतील." ज्या पोराने इंजिनात कधी थेंबभर तेल घातलं नाही, तो तिची किंमत गावभर वाढवत होता. आणि दत्ता ते ऐकून खूश व्हायचा. त्याला वाटायचं, पोरांनी बहिणीचा वाटा मानला.

यंदा पावसाळ्यात जावयाचा कारखाना बंद पडला. अर्चना माझ्याकडं आली. ती सहसा कुणापुढं हात पसरणारी नाही. म्हणाली, "काका, अण्णांना न दुखावता ती गाडी विकून देता येईल का?" मी ओळखीतून पुण्याचा एक जाणकार माणूस गाठला, त्याला फुलंब्रीला घेऊन गेलो. त्याने पुढचं झाकण उघडलं. आत उंदरांनी वायरी कुरतडून घर केलेलं. एका जागी उभं राहून टायर खालून सपाट झालेले, टाकीतलं पेट्रोल नासलेलं, सर्व्हिसची एकही नोंद नाही. त्या माणसाने सभ्यपणे एक आकडा सांगितला. तेवढ्यात रस्त्याकडची गुंठाभर जमीनही आली नसती. दत्ता शेडच्या खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "याला पारख नाय." पण आवाजात दम नव्हता.

पुण्याचा माणूस गेल्यावर आम्ही दोघं तिथंच बसलो. ही आमची शेवटची नीट भेट. मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, "दत्ता, पोरीच्या हातावर तू पत्र्याचा डबा ठेवलास. अजून वेळ गेली नाही. तुझ्या नावावर जमीन आहे, तलाठी ओळखीचा आहे, उद्या मी भाड्याची गाडी घेऊन येतो, आपण जाऊ." तो जमिनीवर काडीने रेघा ओढायला लागला. "पोरं लई तोडून बोलतील रे, सुध्या," म्हणाला. "या वयात मला कोण बघील?" ... मग म्हणाला, "दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली की लावू तिचं नाव." दिवाळीच्या आधीच तो गेला. जन्मभर कुणाला घाबरला नाही, रझाकारांच्या गोष्टी सांगणाऱ्या बापाच्या तालमीत वाढलेला माणूस, आणि स्वतःच्या पोरांना घाबरून मेला. याचा मला राग येणार नाही तर काय येणार?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विलासने कागद काढला. हक्कसोड, स्टँपपेपरवर, टाईप करून तयार. बाप आजारी पडला तेव्हाच करून ठेवला असेल असं मला वाटलं, आणि मी ते तोंडावर बोललोही. तो माझ्याकडं न बघता अर्चनाला म्हणाला, "ताई, तुला तर अण्णानं आधीच दिलंय. गाडी तुझी. आता जमिनीवर तुझं काय राहिलं? कर सही." चुलते, भावकी, सगळे माना हलवत होते. अर्चनाने कागद वाचला. पूर्ण वाचला, मास्तरीण आहे ती. मग घडी घालून भावाच्या हातात परत दिला. म्हणाली, "गाडी तू घे. आजच तुझ्या नावावर करून देते. तूच सांगत होतास ना सगळ्यांना, तिच्यात चार प्लॉट येतात? मला चार नकोत, एक दे. रस्त्याकडचा." विलासने कागद खिशात कोंबला. धाकटा भाऊ एकदम पाण्याची घागर भरायला उठला. इतकी वर्षं ज्यांना ती गाडी सोन्याची वाटत होती, त्यांच्यातल्या एकालाही ती घ्यावीशी वाटेना. भावकीतल्या माना हलायच्या थांबल्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

कागदावर सही झालेली नाही. पुढं काय होईल ते होईल, मी अर्चनाच्या बाजूने उभा आहे आणि माझ्या अंगात अजून चार वर्षं भांडायची ताकद आहे. परवा तिच्याबरोबर पुन्हा गेलो होतो. शेडच्या फाटकाचं कुलूप तिनेच काढलं. दत्ताची एक सवय होती, रोज संध्याकाळी तो त्या बंद गाडीत जाऊन बसायचा. दार उघडं टाकून, हात स्टिअरिंगवर ठेवून, शेताकडं बघत. आणि बसताना चपला बाहेर काढायचा, खळ्यात पाय टाकताना काढाव्यात तशा. आजारी पडला तेव्हा त्याला तिथूनच उचलून घरी नेलं होतं. त्या चपला अजून तिथंच आहेत, दाराशी, धुळीने भरलेल्या. अर्चना वाकली, उचलायला म्हणून हात पुढं केला आणि तशीच मागं सरली. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. दत्ता, लेकीच्या वाट्यात पायताण घालून शिरू नये एवढं तुला कळत होतं. मग तिला तिच्या मातीत उभं करायला तुझे पाय का रे लटपटले?