पारोळ्याच्या अलीकडचा एक किलोमीटर

माझ्याकडे आज अकरा क्रोनोग्राफ घड्याळं आहेत. जळगावच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, बायकोच्या जुन्या दागिन्यांच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेली. त्यातल्या एका घड्याळामुळे मी एका माणसाचं नाव खराब केलं आणि सहा वर्षं गप्प बसलो. ते सांगायचं आहे. त्यासाठी घड्याळाबद्दल थोडं आधी सांगावं लागेल.

क्रोनोग्राफमध्ये नेहमीच्या काट्यांशिवाय एक लांब सेकंदकाटा असतो. वरची कळ दाबली की तो धावतो, पुन्हा दाबली की थांबतो. खालची दाबली की मुकाट्याने बारावर परत येतो. माझ्या पहिल्या घड्याळाच्या तबकडीला कडेने आकड्यांची पट्टी होती. चारशे, तीनशे, दोनशे असे आकडे उतरत उतरत साठावर संपायचे. दोन वर्षं ती मला शोभेची वाटली. मग धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी ती शिकवली.

"भाऊ, तासात सेकंद किती?"

"छत्तीसशे."

"मग एक किलोमीटर जायला जितके सेकंद लागले, त्यांनी छत्तीसशेला भागायचं. हा भागाकार तबकडीवर आधीच करून ठेवलाय. पंचेचाळीस सेकंद लागले तर काटा ऐंशीवर. तीस लागले तर एकशे वीसवर. मिनिटाच्या वर वेळ लागला, तर घड्याळ खिशात घालायचं आणि बैलगाडीत आहोत असं समजायचं."

म्हणजे रस्त्यावरच्या किलोमीटरच्या एका दगडापाशी कळ दाबायची आणि पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबायची. काटा जिथे थांबेल तो वेग. इतकं सोपं. मला त्या दिवशी घरी कधी जातो असं झालं.

मी राहतो जळगावात, नोकरी धुळ्यात. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात. आम्ही आठ जणांनी मिळून महिन्याच्या बोलीने एक गाडी लावली होती. ती चालवायचे आबा. वय पंचावन्नच्या आसपास, पांढरा सदरा-पायजमा, तोंडात कधी विडी नाही की गुटखा नाही. आबांच्या आधीच्या ड्रायव्हरने फागण्याजवळ गाडी शेतात घातली होती आणि पुढच्या सीटवरच्या शाळेतल्या मॅडमचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून आमचा एकच नियम होता, ऐंशीच्या वर जायचं नाही. गाडीचा वेगाचा काटा आम्ही ती लावली तेव्हापासून बंद. आबा म्हणायचे, "मले इंजिनच्या आवाजावर कळतं." दोन वर्षं आम्ही ते मानलं आणि त्या दोन वर्षांत गाडीला कधी ओरखडाही पडला नाही.

गाडीत माझ्या घड्याळाची चेष्टा चालायची. बँकेतले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसत. "भाऊ, मनगटावर हे काय, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग?" असं विचारत. किंवा सगळ्यांना सांगत, "यांना वेळ विचारू नका रे, समजावून सांगेपर्यंत धुळं येतं." सगळे हसत. मीही हसायचो. पण मनाला लागायचं. मी मुळात कमी बोलणारा. कचेरीतही माझं असणं-नसणं फारसं कोणाच्या लक्षात येत नसे.

तेव्हा महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं. बरेचसे दगड उखडलेले, काही मुरुमाखाली गेलेले. पारोळ्याच्या अलीकडे मात्र माझ्या खिडकीच्या बाजूला लागोपाठ दोन दगड शाबूत होते आणि रस्ता मोकळा होता. सकाळी तिथे गाडी एका चालीत जायची. एके दिवशी मी मांडीवरच्या पिशवीआड हात धरून कळ दाबली. दुसऱ्या दगडाशी पुन्हा दाबली. काटा एकशे सातवर थांबला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. एकशे सात. तिसऱ्या दिवशी एकशे सहा. मला वाटलं, बघा, माणूस रोज एवढ्याच वेगात पळवतो आणि वर ऐंशी सांगतो. रोज आकडा तोच येतो म्हणजे माझं मोजमाप पक्कं, असा मी अर्थ काढला.

चौथ्या दिवशी मी गाडीतच सांगितलं.

मॅडम मागे वळल्या. "एकशे सात? नक्की?"

"तीन दिवस मोजतोय."

"घड्याळाला काय कळतं हो वेगातलं?" बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं.

"क्रोनोग्राफ आहे. त्याच्यात वेगाची पट्टी असते," एवढंच मी म्हणालो आणि थांबलो. दगडांचं काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मुद्दाम बोललो नाही. दोन दगड, एक भागाकार एवढीच गोष्ट आहे हे कळलं असतं तर तिचा दबदबा गेला असता. त्या दिवशी पहिल्यांदाच गाडीतले सगळे माझ्या मनगटाकडे न हसता बघत होते.

आबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, मी ऐंशीच्या वर गयेल नही."

"घड्याळ खोटं बोलत नाही, आबा."

 त्या संध्याकाळी त्यांनी गाडी साठने आणली असावी. घरी पोचायला उशीर झाला. तो उशीरही आम्ही त्यांच्या विरोधात धरला, चोरी पकडली गेली म्हणून राग काढतात असं समजून. महिना संपला तेव्हा मॅडमनी गाडीमालकाला फोन केला. मॅडमचं मनगट थंडीत अजून दुखायचं, त्यांना मी दोष देत नाही. मालकाने नवी गाडी आणि नवा ड्रायव्हर दिला. अप-डाऊनवाल्यांच्या जगात बातमी लगेच पसरते. आबा गाडी पळवतात आणि वर खोटं बोलतात, हे जळगावच्या स्टँडपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना कळलं. त्यांना पुन्हा माणसांची गाडी मिळाली नाही. नंतर ऐकलं की ते अमळनेरकडे आपल्या गावी गेले आणि जिनिंग मिलवर कापसाचा ट्रॅक्टर चालवतात.

तीन महिन्यांनी मी नव्या गाडीत पुढे बसलो होतो. मॅडम रजेवर होत्या. या गाडीचा काटा चालू होता आणि तो ऐंशीवर होता, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. सवयीने त्याच दगडापाशी कळ दाबली. पुन्हा दाबली. एकशे सात.

 रविवारी स्कूटर घेऊन एकटाच तिथे गेलो. पहिल्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत स्कूटरच्या मीटरवर मोजलं. पाऊण किलोमीटरच भरलं. दुसरा दगड एका चहाच्या हॉटेलासमोर उभा होता. आम्ही तिथे कधी थांबत नसू, आमचा चहा पारोळ्यात. हॉटेलवाल्याला विचारलं की हा दगड इथेच होता का.

"नही भाऊ, तो तिकडे होता." त्याने धुळ्याच्या दिशेला हात केला. "रस्ता रुंद व्हयना, मन्ही टपरी उठाडी. मंग दगड बी लई उनू."

"दगड कशाला आणला?"

"वा रे वा! ड्रायव्हर लोक फोनवर काय सांगतस? दगडवाला हॉटेलवर थांब. दगड तिकडे आणि मी इकडे, तर गिऱ्हाईक कोणाकडे जाई?"

त्याचं बरोबरच होतं. दगड म्हणजे त्याची पाटी. माणूस दुकान हलवतो तेव्हा पाटी घेऊनच जातो. ठेकेदाराच्या माणसांनीही हरकत घेतली नव्हती, नाहीतरी तो दगड उखडूनच पडला असता. सगळ्या रस्त्यात एक मीच त्या दगडावर भरवसा ठेवून बसलो होतो.

तिथून अमळनेर फार लांब नव्हतं. त्याच दिवशी जाता आलं असतं. मी घरी आलो. सोमवारी गाडीत बसलो, काही बोललो नाही. मंगळवारीही नाही. मग आठवडा झाला, महिना झाला, आणि आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल, म्हणून आणखी लांबणीवर पडलं. मधल्या काळात मी आणखी घड्याळं घेतली. हौशी लोकांच्या फोनवरच्या एका गटात मी टॅकीमीटर, म्हणजे ती वेगाची पट्टी, समजावून सांगणारा माणूस म्हणून ओळखला जातो. 'अंतर बरोबर एक किलोमीटर आहे याची खात्री करून घ्या,' असं मी तिथे नवख्यांना लिहितो. ते मला हात जोडल्याची चित्रं पाठवतात.

यंदा दिवाळीनंतर आबांकडे गेलो. का गेलो याला मोठं कारण नाही. अमळनेरला एका लग्नात जेवताना कोणीतरी आबांचा विषय काढला. "तोच ना, गाडी पळवायचा तो?" असं सहज म्हणालं.  जेवण अर्धं टाकून आबांच्या गावाची वाट विचारत निघालो.

आबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. त्यांनी लगेच ओळखलं. "या भाऊ. धुळ्याची बदली व्हयनी का नही?" अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाणी आणलं. मी पाणी न पिताच सगळं सांगितलं. दगड, हॉटेल, पाऊण किलोमीटर.

आबांचे हात थांबले. "तो दगड? तो तर ट्रॅक्टरवर चढवायला मी हात लायेल शे. रविवारी भाड्याची गाडी घेऊन गेलो होतो. आम्ही चार जणांनी ढकलला."

 "मग त्याच दिवशी गाडीत सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? तुम्ही दगडावरून मोजतस हे मले कोणी सांगितलं? मला वाटलं घड्याळच मोजतं. इंग्रजी मशीन, त्याच्यापुढे मी काय बोलणार? दोन रात्री जागून काढल्या भाऊ. मलाच वाटायला लागलं, आपला कान गेला."

अक्का आतून म्हणाल्या, "कान तपासाले धुळ्याले गयता ना!"

"गप वो."

कान तपासायला. ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्या सकाळी 'दगडापासून दगडापर्यंत मोजतो' एवढे तीन शब्द मी बोललो असतो, तर आबांनी स्टिअरिंगवरूनच सांगितलं असतं की तो दगड आम्हीच हलवलाय, आणि गाडीत हशा पिकून विषय तिथेच संपला असता. चूक दगडाची होती असं मी सहा वर्षं स्वतःला समजावत आलो होतो. तेवढंही आता उरलं नाही.

मी माफी मागितली. आबांनी दोरी पुन्हा हातात घेतली.

"मले सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं मी कसा चालवतो. गाडीत सांगा. जिथे बोलला होता तिथेच सांगा."

सोमवारी सांगितलं. आठांतले आता चौघेच जुने आहेत, बाकी नवीन मुलं. पाळधी सुटल्यावर सुरुवात केली, एरंडोल येईपर्यंत बोलत होतो. या गाडीत मी इतकं कधीच बोललो नसेन. बँकेतल्या गृहस्थांनी चेष्टा केली नाही. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे तुम्हाला किती वर्षांपासून माहीत होतं?"

"सहा."

त्यांनी पिशवीतून फोन काढला. म्हणाल्या, "मालकाला फोन मी केला होता. आबांचा नंबर द्या."

मी दिला. त्यांनी तिथेच लावला. पलीकडून आबांचा आवाज आला, ट्रॅक्टरच्या घरघरीतून, "कोण? कोण बोलस?" मॅडमनी आपलं नाव सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "आबा, तुमची गाडी माझ्यामुळे गेली."