आजीचं माहेरचं नाव शोधायला किहीमला

जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझी मुलगी मुक्ता फिलाडेल्फियाला असते. सातवा महिना संपत आलेला. तिकडे आधीच सांगतात, त्यामुळे मुलगी होणार हे कळलेलं. एका रविवारी तिने विचारलं, "आई, पणजीचं खरं नाव काय गं?"

"लक्ष्मी," मी म्हटलं.

"ते सासरचं. तिच्या आईबापांनी काय ठेवलं होतं?"

 आजीच्या हातची भाकरी, तिचा आवाज, तिच्या लुगड्याचा वास, सगळं आठवत होतं. नाव मात्र ठाऊक नव्हतं. माझी आई असती तर तिला विचारलं असतं, पण ती जाऊनही बरीच वर्षं झाली. लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळावर अंगठीने "लक्ष्मी" लिहिलं आणि आधीची मुलगी पुसली गेली, इतकं साधं काम होतं ते.

मुक्ताला हे नाव का हवं होतं ते सांगते. तिचा नवरा मूळच्या आयरिश घराण्यातला. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वकील, डॉक्टर, न्यायाधीश. त्यांच्यात रीत अशी, की पहिल्या मुलीच्या नावामागे वंशवृक्षातल्या सगळ्यात जुन्या बाईचं नाव लावायचं. त्यांची ती बाई म्हणजे ऑनरा. मुक्ताचं म्हणणं, ऑनराच्या शेजारी आपलंही कुणीतरी हवं आणि ते उसनं नको.

याआधी दोनदा आशा लावून मुक्ताची कूस रिकामी झाली होती. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लोकांच्या रक्तात काय दडलंय ते सांगण्यात माझा जन्म गेला. शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण या खेपेला मी एक झबलंसुद्धा विकत घेतलं नव्हतं. रात्री झोप नाही, दिवसा एका जागी बसवत नाही, अशी माझी गत. नाव शोधायचं काम मिळालं तेव्हा मला बरंच वाटलं. निदान पाय तरी हलतील.

सोबत होती नोरीन, म्हणजे जावयाची आत्या. सत्तरीची, उंच, निवृत्त वकील. वंशावळीचं वेड असं, की लग्नाच्या जेवणावळीत तिने माझ्या सासऱ्यांना त्यांच्या खापरपणजोबांबद्दल उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं होतं. भारत बघायला ती आलीच होती. ताजमहाल वगैरे उरकून माझ्याकडे ठाण्याला उतरली. तिचं इंग्रजी इथे मराठीतच देते.

पहिला दिवस

गेटवेहून मांडव्याची बोट सकाळचीच धरा. ऊन चढलं की वरच्या डेकवर बसवत नाही आणि खाली बसायचं तर मग समुद्रातून कशाला जायचं? तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तिकीट जपून ठेवा. किहीमला उतरायचं तर चोंढीला सांगून उतरायचं आणि पुढे रिक्षा करायची. शनिवार-रविवार टाळा. खोल्यांचे भाव दुप्पट होतात आणि किनाऱ्यावर घोडागाड्या अंगावर येतात.

बोटीमागे सीगल लागले होते. लोक त्यांना कुरकुरे घालत होते. मी डेकवर येरझाऱ्या घालत होते आणि नोरीन कठड्याला टेकून मला तिच्या घराण्याची गोष्ट सांगत होती. अमेरिका स्वतंत्र व्हायच्याही आधी तिचा पहिला पूर्वज आयर्लंडहून आला, जहाजाच्या भाड्यापायी काही वर्षांसाठी स्वतःला चाकरीला बांधून घेऊन. त्याची बायको ऑनरा लोकांची धुणी धुवायची. त्यांचा मुलगा एका जमीन मोजणाऱ्याच्या हाताखाली राहिला आणि स्वतः मोजणीदार झाला. त्याचा मुलगा डॉक्टर. तिथून पुढे घराणं मार्गी लागलं.

"माझ्या आजोबांनी वंशावळ छापली, ती मोजणीदारापासून," नोरीन म्हणाली. "त्याच्या मागे फक्त ‘आयर्लंडमधील एक प्रतिष्ठित घराणे’. ऑनराला परत आणायला मला फार वर्षं लागली."

"अशी प्रतिष्ठित घराणी आमच्याकडे पैशाला पासरी," मी म्हटलं. ती मनापासून हसली.

आम्ही उतरलो ते वैशालीताईंच्या घरी. नारळीच्या वाडीत पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या, मागे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. पाऊण तासात तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, तळलेले बोंबील आणि सोलकढी समोर आली. मासे खात नसाल तर आधी सांगा, कडव्या वालांचं बिरडं मिळतं आणि ते बोंबलांच्या तोंडात मारेल असं असतं. संध्याकाळी वाडीत पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे असं सगळं मडक्यात भरून मडकं उपडं करायचं आणि वर पेंढा पेटवायचा. नोरीन त्या जाळाभोवती लहान मुलीसारखी फिरत होती. पोपटी थंडीतच मिळते, पावसाळ्यात येऊन मागू नका.

मुक्ताचा मेसेज आला : मिळालं का नाव? मी लिहिलं, उद्या.

दुसरा दिवस

आजीचं माहेर कार्लेखिंडीपलीकडे, पोयनाडच्या बाजूला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांना पाहुण्यांचा त्रास नको. चोंढीहून अलिबाग आणि अलिबागहून मिनिडोअर. ही सहा आसनी रिक्षा. त्यात दहा माणसं आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा मावतात. नोरीनचे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत रुतत होते. तो म्हणाला, "बसूं दे बसूं दे, पाव्हनी हाय ना." भाडं तुम्ही मुंबईत चहाला द्याल तेवढंच.

गावात पोचलो आणि मी पहिली चूक केली. मारुतीच्या देवळाच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आजीच्या माहेरचं आडनाव तेवढं ठाऊक होतं, म्हणून त्यांना विचारलं, "म्हात्र्यांच्या लक्ष्मीबाईंचं घर कुठलं?"

"म्हात्रे सगलेच," ते म्हणाले. "नि लक्ष्म्या घरोघर. कंची लक्ष्मी?"

पारावर आणखी दोघं जमली. या लक्ष्मीची सून, त्या लक्ष्मीची जाऊ, एक लक्ष्मी ग्रामपंचायतीत. तासभर आम्ही तीन लक्ष्म्यांच्या दारात पाणी प्यायलो. तिघीही दुसऱ्या गावांहून इथे आलेल्या सुना. मी चिडले होते, उन्हाने डोकं उठलं होतं. परत पारावर येऊन म्हटलं, "अहो, माझी आजी इथली सून नव्हे, इथली लेक होती!"

म्हाताऱ्याने मांडीवर हात मारला. "लेक, तं मंग लक्ष्मी कशी असंल? लक्ष्मी ती तिकरं झाली. कुटं दिलेली?"

"चौलला."

"आता कसा इचारलास! चौलला दिलेली. तिची पोर मास्तरीण झाली, ती ना? काशीकाकूची ननंद. चल."

मास्तरीण म्हणजे माझी आई.  माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने आजीच्या माहेरात तिचं सासरचं नाव घेऊन हिंडावं आणि नोरीनला मात्र ऐटीत सांगावं की आमच्याकडे नाव कसं बदलतात! नोरीनला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे आडनाव जातं, तेवढ्यानेच मी रडते. तुमच्याकडे तर सगळंच जातं."

काशीआजींचं घर स्लॅबचं, दारात दोन मोटरसायकली आणि वर कॅमेरा. आजीच्या सगळ्यात धाकट्या भावाची ही बायको, म्हणजे माझ्या आईची मामी. नव्वदीला टेकलेली. ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होती. मी कोण ते कळल्यावर तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला. हाताला वालाचा वास होता.

"व्हय. कपाल वन्संचाच हाय," ती म्हणाली.

"वन्संचं नाव काय होतं, आजी?"

"वन्सं."

"ते तुम्ही म्हणायचात. घरचे काय म्हणायचे?"

तिने वाल सोलणं थांबवलं नाही. "मोठ्या ननंदेचा नाव कोन घेतं? मी कंदी घेतला न्हाय."

मी इतक्या लांब आले, बोट, मिनिडोअर, तीन लक्ष्म्या करून, आणि जी एकटी बाई नाव जाणते ती मान म्हणून घेणार नाही! मी उठून ओट्यावर फेऱ्या मारायला लागले. नोरीन शांत बसून वाल सोलायला लागली होती, तेही चुकीच्या रीतीने. शेवटी मी काशीआजींपुढे बसले आणि मुक्ताबद्दल सांगितलं. नात होणार आहे, नाव हवंय. आधीची दोन मात्र सांगितली नाहीत.

 तिने हात पुसले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दाराकडे तोंड केलं आणि म्हणाली, "भिकी."

मला वाटलं, कुणी थोबाडीत मारली. नको असलेली मुलगी असणार. कुणी पोटच्या पोरीचं नाव असं ठेवतं? नोरीनने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "थांब."

"त्वांड कशाला पारतस?" काशीआजी म्हणाली. "माज्या सासूला आधीची पाच गेली. सटवी ठेवीतच नव्हती. ही झाली तवा सासू पाच घरी गेली, पदर पसरून जुनी कापरं मागून आनली, त्यात पोरीला गुंडाललीन. मागून आनलेली, म्हनून भिकी. देवाला वाटावा, हिची यांना काय किंमत न्हाय, नि त्याची नजर जावी. नाव चांगला ठेवला असता तं ती र्‍हायली असती?"



"नि ती जगली तशी जगली," ती पुढे म्हणाली. "तुजी आय पोर होती तवा तिला घेऊन हितं आली. भावांना बोलली, दिवालीचा लुगरा नको मना. पोरीला हितं ठेवा, पोयनाडला शालंत घाला. जवर तुजी आय शिकली तवर वन्संनी माहेरचा लुगरा नेसला न्हाय. रिकाम्या हातानी जायची चौलला. सासरी बायका हसायच्या."

आई शाळेसाठी मामाकडे राहिली होती हे मला माहीत होतं. लुगड्यांचं कधीच कुणी बोललं नव्हतं. मी त्या ओट्यावर बसून रडले, नोरीनसमोर आणि कॅमेऱ्यासमोर.

निघताना काशीआजी आत गेली आणि आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा एक तुकडा फाडून घेऊन आली. "आनी चार घरची तू माग," म्हणाली. मी काही न सांगताच तिला कळलं होतं बहुधा.

त्या संध्याकाळी किहीमच्या किनाऱ्यावर मी इकडून तिकडे चालत सुटले. ओहोटी होती. नाव मिळालं होतं आणि ते मला मुलीला सांगवत नव्हतं. सांगायचं तर का ठेवलं ते सांगावं लागणार, म्हणजे गेलेल्या पाच मुलांबद्दल बोलावं लागणार, आणि तिच्या त्या दोघांबद्दल आम्ही मायलेकी आजवर एक शब्द बोललो नव्हतो. मेसेज येत होते. मी फोन बंद केला.

तिसरा दिवस

वैशालीताईंनी सकाळी घावन्यांबरोबर विचारलं, कालपासून गप्प का? त्यांना सगळं सांगितलं. नात्याच्या माणसाला सांगता येत नाही ते परक्याला पटकन सांगता येतं. त्या आत गेल्या आणि जुन्या सुती साडीचा पदर कापून घेऊन आल्या. किहीमला गेलात तर असं घर शोधा, समुद्र सगळीकडून सारखाच दिसतो.

मांडव्याच्या जेट्टीवर बोटीला उशीर होता. तिथे मी नोरीनला अखेर अर्थ सांगितला आणि वर चिडून म्हटलं, "तुमची ऑनरा धुणी धूत असेल, पण नाव तरी मानाचं होतं. मी माझ्या नातीला भीक देऊ?"

नोरीन वाद घालेल असं वाटलं होतं. वकील ना ती.  पण ती म्हणाली, "मुक्ताच्या दुसऱ्या वेळी मी तिच्याजवळ होते. ती मला म्हणाली होती, आईशी बोलता येत नाही, आई लगेच रिपोर्ट मागते."

मग तिने गळ्यातला विटका सुती स्कार्फ काढून माझ्या मांडीवर ठेवला. "पाच घरं म्हणालीस ना? एक माझं धर."

बोट आली. परतीचा प्रवास मी पहिल्यांदाच एका जागी बसून केला.

घरी

ठाण्याला पोचल्यावर आंघोळही न करता मुक्ताला फोन लावला. रिपोर्ट मागितला नाही. सगळं सांगितलं : पाच गेलेली, सटवी, पदर पसरणारी आई, भिकी, सोडून दिलेली लुगडी. 

"म्हणजे नकोशी नव्हती," मुक्ता म्हणाली.

"नव्हती."

"मागून घेतलेली होती." ती पुढे म्हणाली, "आई, मग आपण हिला कुठून आणतोय? ही तिसरी आहे ना?"

ते दोघे आमच्यात पहिल्यांदा मोजले गेले. आम्ही दोघी रडलो, अगदी मोठ्याने. मग ती नाक पुसत म्हणाली, "ऑनरा भिकी. ठरलं. कुणी अर्थ विचारला तर सांगेन. पण कापडं तूच मागून आण. मला इथे कोण देणार?"

या सहलीतून काय उरलं म्हणाल तर पांढऱ्या कांद्याची एक माळ, थोडं आखडलेलं अंग आणि तीन चिंध्या. नोरीनच्या वंशवृक्षात आता आमच्या बाजूला सगळ्यात खाली भिकी आहे, तिच्यावर मास्तरीण, मग मी. तिथून झाड नीट वर जातं.

अजून दोन घरं बाकी होती. समोरच्या सबनीसबाईंशी पार्किंगवरून माझं गेले वर्षभर बोलणं नाही. नोरीन स्वयंपाकघरातून बघत होती. मी त्यांची बेल वाजवली. दार उघडलं, त्यांच्या कपाळावर आठी होतीच. माझ्या अंगावर साडी नव्हती, म्हणून पदराऐवजी ओढणी दोन्ही हातांनी पसरली आणि म्हटलं, "मागायला आलेय. नातीसाठी."